काच आतून पुसली की फराटे राहतात, नेमकं काय चुकतंय?

अमरावतीरोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक आहे, पाच वर्षं जुनी, दिवसभर उघड्यावर उन्हात उभी असते. पुढची काच बाहेरून स्वच्छ आहे, वायपरही नवे आहेत. पण संध्याकाळी नागपूरहून वाडीकडे निघालं की सूर्य समोरून येतो आणि काचेच्या आतल्या बाजूचे अर्धगोल फराटे उठून दिसतात. रात्री समोरच्या गाडीचे दिवे पडले की अख्खी काच दुधाळ होते.

सध्याची पद्धत अशी: निळं काच-क्लीनर सरळ काचेवर फवारायचं, जुन्या सुती कपड्याने पुसायचं, मग वर्तमानपत्राने घासायचं. दोन दिवस बरं दिसतं, मग पुन्हा तेच. ओल्या फडक्यासाठी पाणी बोअरचं. डॅशबोर्डला दर महिन्याला चकचकीत पॉलिश लावलं जातं, आरशाला कापराची पुडी टांगलेली आहे. मागच्या दारांच्या काचांना फिल्म आहे आणि सगळ्यात मागच्या काचेवर डिफॉगरच्या (दव हटवणाऱ्या) तारा आहेत, त्यामुळे तिथे काय चालतं हेही सांगा. पुढच्या काचेचा डॅशबोर्डला टेकलेला खालचा कोपरा तर पुसलाच जात नाही, हात पोहोचत नाही. बाजारातलं महागडं औषध घ्यायला लागेल का?

काचकापड_खामला

भाऊ, महागडं औषध नको. तुमच्या काचेवर धुळीपेक्षा तेल जास्त आहे, आणि तेल एका पुसण्यात निघत नाही, पसरतं. अर्धगोल फराटे म्हणजे हात जसा फिरला तसं पसरलेलं तेल.

हे तेल कुठून येतं ते आधी बघा. डॅशबोर्ड, दारांचे पॅड, सीटचं रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्या प्लास्टिकमध्ये प्लास्टिसायझर घातलेले असतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास गेला की उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे तापतो. त्या तापात प्लास्टिसायझरची वाफ उठते आणि काच निवली की तिच्यावर जाऊन बसते. पुढची काच डॅशबोर्डवर तिरकी झुकलेली, म्हणून सगळ्यात जाड थर तिथेच. नव्या गाडीत हा प्रकार जास्त असतो, पण पाच वर्षांच्या गाडीतही पूर्ण थांबत नाही. त्यात तुम्ही दर महिन्याला वरून भर घालताय: चकचकीत पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉनचं तेल असतं, ते कापडाला लागतं, हाताला लागतं आणि तिथून काचेवर जातं. कापूर तर न वितळता सरळ हवेत उडतो आणि थंड काचेवर पुन्हा जमतो. पुडी काढा, पॉलिश बंद करा. डॅशबोर्डला फक्त ओलसर कापड किंवा पाण्यात बनलेलं, चमक न देणारं ड्रेसिंग पुरे.

आता फराटा ओळखायचा कसा. अंधारात मोबाइलचा टॉर्च बाहेरून तिरका धरा आणि आतून बघा. इंद्रधनुष्यासारखी झाक असलेला, हाताच्या वळणाचा फराटा असेल तर तेल शिल्लक आहे. कोरड्या कापडाने दोनदा घासल्यावर निघून जाणारी पांढुरकी रेघ म्हणजे साबण किंवा क्लीनर जास्त झालं. बारीक पांढरे ठिपके, कितीही घासले तरी न हलणारे, हे पाण्यातले क्षार. आणि जिथे हात थांबून परत फिरतो तिथेच ओली पट्टी उरत असेल तर कापड भिजून गच्च झालंय, घडी बदलायला हवी. तुमच्याकडे यातले किमान तीन एकत्र असणार.

उपाय दोन फेऱ्यांचा. पहिली फेरी तेल काढायची, दुसरी फेरी काच साफ करायची. लोक पहिलीच फेरी दोनदा करतात आणि फसतात.

पहिल्या फेरीसाठी अर्ध्या लिटरच्या स्प्रे-बाटलीत ३५० मिली डिस्टिल्ड पाणी, १५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. दोनच. चमचाभर घातलं तर नंतर साबण काढत बसाल. डिस्टिल्ड पाणी म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, कोणत्याही बॅटरीवाल्याकडे कॅनमध्ये मिळतं. आयसोप्रोपिल केमिकलच्या दुकानात किंवा बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळेल. दुसऱ्या फेरीची बाटली वेगळी: ४५० मिली डिस्टिल्ड पाणी, ५० मिली आयसोप्रोपिल, साबण अजिबात नाही.

हँड सॅनिटायझर वापरून अल्कोहोलचे पैसे वाचवू नका. हातांची कातडी कोरडी पडू नये म्हणून त्यात ग्लिसरीन असतं आणि ते काचेवर चिकट थर सोडतं. दवाखान्यातल्या स्पिरिटच्या बाटलीवरही घटक वाचूनच घ्या.

वेळ महत्त्वाची. उन्हात तापलेल्या काचेवर द्रव पडला की कापड पोहोचायच्या आत वाळतो आणि सगळा माल तिथेच सोडून जातो. उन्हाळ्यात सकाळी सहा ते साडेसात, नाहीतर दिवस मावळल्यावर काच हाताला गार लागते तेव्हा. एसी चालू ठेवून काचेवर गार हवा सोडूनही काम होतं, पण मग बाहेरच्या दमट हवेचं पाणी काचेवर धरतं, म्हणून तो शेवटचा पर्याय.

डॅशबोर्डवर एक जुना टॉवेल पसरा. द्रव काचेवर फवारू नका, कापडावर फवारा. पुढच्या काचेच्या अर्ध्या भागाला चार-पाच फवारे, दाराच्या काचेला दोन. कापड ओलसर असावं, पिळून पाणी निघेल इतकं ओलं नको. अर्धी काच पुसा, घडी बदला, मग उरलेली अर्धी. पहिली फेरी संपली की लगेच दुसऱ्या, स्वच्छ कापडाने दुसरी बाटली घेऊन तीच काच पुसा आणि ओल सुटायच्या आत तिसऱ्या कोरड्या कापडाने कोरडी करा. गोल गोल फिरवणं बंद. आतून उभे हात मारा, बाहेरून पुसताना आडवे. मग फराटा राहिलाच तर उभा आहे की आडवा यावरून तो काचेच्या कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळतं, नाहीतर बाहेरचा डाग आतून घासत बसता.

आयसोप्रोपिल पेट घेणारं असतं. चारी दारं उघडी ठेवा, उदबत्ती-सिगारेट लांब, आणि ती बाटली उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

नंदनवन_मायक्रोफायबर

वरच्या पद्धतीत कापडाबद्दल कमी आलं, आणि माझ्या मते निम्मे फराटे कापडाचेच असतात.

जुना सुती कपडा काचेवर तेल ओढतो, उचलत नाही, शिवाय तंतू सोडतो. जाड, मऊ, ५०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) वरचं मायक्रोफायबर गाडी कोरडी करायला चांगलं, काचेला नाही. त्याचे लांब दोरे ओल धरून ठेवतात आणि मागे पट्टा सोडतात. काचेसाठी चपटं, आखूड विणीचं किंवा वॅफलच्या विणीचं, साधारण ३०० जीएसएमचं, ४० बाय ४० सेंटिमीटरचं कापड घ्या. ते दोनदा घडी घातलं की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका हॅचबॅकला अशी चार कापडं लागतात: एक तेलाच्या फेरीला, एक दुसऱ्या फेरीला, दोन कोरडी.

नवं कापड वापरायच्या आधी एकदा धुवा, कारखान्यातला रंग आणि फिनिश त्याच्यावर असतं. धुताना फॅब्रिक कंडिशनर बिलकुल नको. कपडे मऊ करणारा तो थर दोऱ्यांवर चढतो, कापड पाणी शोषायचं थांबतं आणि तोच थर पुढे काचेवर उतरतो. लिक्विड डिटर्जंट अगदी थोडं, कोमट पाणी, दोनदा खंगाळणं, सावलीत वाळवणं. टॉवेल आणि सुती कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकलं तर त्यांची लव याला चिकटते. पॉलिश पुसलेलं कापड काचेच्या कापडांत कधीच परत आणू नका, धुतलं तरी सिलिकॉन पूर्ण जात नाही. वेगळ्या रंगाचं ठेवा म्हणजे घरातलं कोणी चुकणार नाही.

खालच्या कोपऱ्याचं असं: ड्रायव्हरच्या सीटवरून स्टिअरिंग आडवं येतं, म्हणून डाव्या सीटवर बसा आणि सीट पूर्ण मागे घ्या. कापड काचेला लावा, तळहात वर करून हाताच्या पाठीने ते खाली दाबत न्या. असा हात फिरवला तर बोटं काच आणि डॅशबोर्डच्या फटीत सहज जातात, मनगट मोडावं लागत नाही. उजवा अर्धा भागही डाव्या सीटवरूनच. तरीही चार बोटं पट्टी उरत असेल तर दांड्याला त्रिकोणी डोकं असलेलं काच पुसायचं साधन मिळतं, त्यावर आपलंच कापड चढवा. सोबत आलेलं फडकं सहसा फार जाड असतं.

दाराची काच पुसायची तर आधी दोन बोटं खाली घ्या. वरची कड रबरात लपलेली असते, तिथे काळी चिकट रेघ साचते आणि काच वर-खाली झाली की तीच सगळीकडे ओढली जाते. वरची कड पुसून झाली की काच पूर्ण वर करा, मग खालचा भाग. खालच्या रबराच्या पट्टीत वाळू अडकली असेल तर आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा. आपल्या रस्त्यांवरची धूळ चरचरीत असते, ती तशीच काचेवर ओढली की उभे ओरखडे पडतात आणि ते मग पुसून जात नाहीत.

ऑटोवायरमन_महाल

फिल्म आणि डिफॉगरचा प्रश्न राहिला, त्याचं सांगतो.

फिल्मच्या काचेवर वरची अल्कोहोलवाली पहिली बाटली वापरू नका. फिल्म पॉलिएस्टरची असते, आतल्या बाजूने गोंदाने चिकटवलेली आणि वरून ओरखडे पडू नयेत म्हणून पातळ थर दिलेला. अमोनियाचा वास येणारं क्लीनर तर तिथे नकोच. काही काळाने फिल्मचा रंग जांभळट पडतो, कडा सुटतात, फुगे येतात. फिल्मला अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात बाळांच्या शाम्पूचा एक थेंब, मऊ कापड, हलका हात, आणि मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची एक फेरी. कडेला पाणी साचू देऊ नका, गोंद तिथूनच सुटतो. ब्लेड, घासणी, पावडर काहीही नाही.

फिल्म आहे की काचच रंगीत आहे ते कसं ओळखायचं? काच दोन-तीन बोटं खाली घ्या आणि वरची कड बघा. फिल्म असेल तर कडेपासून एक-दोन मिलिमीटर सोडून तिची बारीक रेघ दिसेल, नखाला लागेल. कंपनीची हिरवट काच असेल तर रंग काचेतच असतो, तिथे नेहमीची पद्धत बिनधास्त चालवा.

मागच्या काचेच्या डिफॉगरच्या तारा म्हणजे काचेच्या आतल्या बाजूला छापून भाजलेल्या चांदीमिश्रित रेघा. काच बाहेरून कितीही घासा, त्यांना काही होत नाही. आतून उभं घासलं तर त्या तुटतात. एक रेघ तुटली की तेवढ्या पट्टीतला दव हटत नाही. काही गाड्यांत रेडिओची अँटेनाही याच रेघांसोबत छापलेली असते. म्हणून मागच्या काचेला नियम उलटा: तारांच्या दिशेने आडवे हात, दाब नाही. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. तिथे चिकटलेलं जुनं स्टिकर ब्लेडने खरवडू नका. आणि दोन्ही टोकांना जिथे वायर जोडलेली असते त्या चपट्या टिकल्यांना हात लावू नका, त्या उखडल्या तर अख्खा डिफॉगर बंद.

आरशाच्या मागे पावसाचा सेन्सर किंवा कॅमेरा असलेल्या गाड्यांनी त्या डब्याच्या आत कापड घालू नये, आणि तिथे फवारा तर मुळीच नाही. दाराच्या काचेवर फवारलेलं पाणीही ओघळून खिडकीच्या बटणांत जातं. फास्टॅग ज्या जागी आहे तिथे कड सोडून पुसा. टॅग सोलून परत चिकटवता येत नाही, त्यातली अँटेना फाटते.

सदर_आजोबा

बाळांनो, वर्तमानपत्राला एकदम नावं ठेवू नका. घराच्या खिडकीला तो उत्तम आहे, कारण कागद लव सोडत नाही. गाडीत मात्र टाळा, कारण छपाईची शाई डॅशबोर्डच्या फिक्या पट्टीला, छताच्या कापडाला आणि बोटांना लागते, आणि शाईतलं तेल काचेवर पातळ थर ठेवतं.

व्हिनेगरबद्दल कोणी लिहिलं नाही. तेलावर ते चालत नाही, म्हणून एरवी त्याची गरज नाही. पण नागपूरच्या गाड्यांत एक डाग हमखास असतो: खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण) मळताना बोटांना लागलेला चुना काचेच्या कडेला आणि खालच्या रबराजवळ पुसला जातो. तो वाळला की अल्कोहोलने हलत नाही, साबणानेही नाही. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या, कापडाचा कोपरा भिजवून डागावर एक मिनिट ठेवा, बारीक फेस येईल आणि चुना सुटेल. मग साध्या ओल्या कापडाने पुसून घ्या, नाहीतर आंबट वास राहतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपकेही याच उपायाने जातात. फिल्मवर मात्र करू नका.

काचकापड_खामला

आजोबा, चुन्याचं बरोबर सांगितलंत. त्याला जोडून एक: व्हिनेगर आणि अल्कोहोल एकाच बाटलीत मिसळून ‘सर्वगुणसंपन्न’ औषध करायची सवय इंटरनेटवर दिसते. अपाय नाही, पण फायदाही नाही. तेलाला अल्कोहोल-साबण, क्षाराला व्हिनेगर, दोन्ही वेगवेगळ्या वेळी.

मेकॅनिक_हिंगणा

अमरावतीरोडकर भाऊ, सगळं नीट करूनही थर दोन दिवसांत परत येत असेल तर पुसणं थांबवून एक गोष्ट तपासा. ब्लोअरच्या डब्यात हीटरचा छोटा रेडिएटर असतो, त्यात इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, फिरतं. तो बारीक गळायला लागला की कूलंटची वाफ ब्लोअरच्या हवेसोबत थेट पुढच्या काचेवर येते. त्याचा थर प्लास्टिकच्या थरासारखाच दिसतो, पण खुणा वेगळ्या असतात: गोडसर वास, बोटाला चिकट लागणं, ब्लोअर काचेकडे सोडला की धुकं वाढणं, आणि डाव्या सीटसमोरचा गालिचा खालून दमट. सकाळी थंड इंजिनवर कूलंटच्या टाकीतली पातळी बघा, किमान रेघेच्या खाली जात असेल तर आधी गाडी दाखवा. गरम इंजिनवर झाकण उघडू नका.

तसं नसेल तर डाव्या सीटसमोरच्या खणामागचा (ग्लव्ह बॉक्स) केबिन फिल्टर काढून बघा. काळा आणि दमट झाला असेल तर बदला. बहुतेक हॅचबॅकमध्ये दहा मिनिटांचं काम आहे, फिल्टरवरच्या बाणाची दिशा लक्षात ठेवा.

पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी काच धुरकटते तेव्हा हाताने पुसायचा मोह टाळा, तळव्याचं तेल लागलं की तिथेच पुढचा फराटा तयार. एसी चालू करा, हवा काचेकडे सोडा, आतल्याआत फिरणाऱ्या हवेचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. काच स्वच्छ असेल तर धुकं एकसारखं येतं आणि लवकर उतरतं. तेलकट काचेवर ते थेंबाथेंबाने बसतं आणि समोरचा दिवा फुटून दिसतो.

अमरावतीरोडकर (प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे आभार, पॉलिश आणि कापूर आजपासून बंद. एकच विचारायचं राहिलं: डिस्टिल्ड पाण्याऐवजी आरओचं किंवा घरच्या एसीतून गळणारं पाणी चालेल का? दर किती दिवसांनी हे सगळं करायचं?

काचकापड_खामला

कोणतंही पाणी तपासायची सोपी रीत: आरशावर त्याचा एक थेंब टाका आणि न पुसता वाळू द्या. पांढरी कड उरली तर ते काचेला नको. बोअरच्या पाण्याची कड ठळक उठेल. आरओमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी मिसळायची सोय असते, म्हणून प्रत्येक घरचं वेगळं. थेंब स्वच्छ वाळला तर खुशाल वापरा. एसीच्या पाण्यात क्षार नसतात, पण कॉइलवरची धूळ आणि बुरशी त्यात उतरते, म्हणून ते बाहेरून गाडी धुवायला घ्या, आतल्या काचेला नको.

पहिल्यांदा दोन्ही फेऱ्या लागोपाठ दोन दिवस करा. जुना थर जाड असतो, एका दिवसात सगळा येत नाही. नंतर एप्रिल ते जूनमध्ये पुढच्या काचेला दर पंधरा दिवसांनी फक्त दुसरी बाटली आणि कोरडं कापड. पावसाळ्यात आणि थंडीत महिन्यातून एकदा पुरे. दाराच्या काचा दोन महिन्यांनी. गाडी उन्हात उभी करताना आतून सनशेड लावा, डॅशबोर्ड कमी तापेल. अगदी उन्हाच्या दिवसांत दुसऱ्या बाटलीतलं आयसोप्रोपिल ५० वरून २५ मिलीवर आणा, नाहीतर पुसायच्या आधीच उडून जातं.